समुद्रविज्ञान शिकायला सुरुवात कशी करावी: आधी पाणी, मग मासे

समुद्र शिकायचा असं ठरवलं की माणूस थेट देवमाशाकडे धाव घेतो, नाहीतर शार्ककडे. मीही तेच केलं. दोन वह्या भरून नावं, लांबी, वजनं उतरवून काढली. मग एका लहान मुलीनं विचारलं, "हा मासा इथंच का राहतो? पलीकडे का नाही जात?" मला सांगता येईना. पाणी तिथं किती थंड आहे, किती खारट आहे, उजेड कुठवर पोचतो यावर ते सगळं ठरतं, आणि पाण्याबद्दल मी एक पानही वाचलेलं नव्हतं.

म्हणून खालचा क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. प्राणी चौथ्या पायरीवर येतात. तोवर धीर धरा. सामान फारसं लागत नाही: एक वही, मीठ, दोन काचेचे पेले, थोडा खायचा रंग, एक साधा थर्मामीटर, भिंग आणि सव्वा मीटर लांबीची कागदाची पट्टी.

पायरी १: घरच्या घरी समुद्राचं पाणी बनवा

एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. चहाच्या चमच्यानं मोजलं तर सपाट सहा चमचे. एक थेंब जिभेवर ठेवा. खुल्या समुद्राचा खारटपणा सरासरी एवढाच असतो. पुस्तकांत त्याला क्षारता म्हणतात आणि दर हजार भागांमागे ३५ असं लिहितात. ही सरासरी झाली. तांबड्या समुद्रात ऊन कडक, पाऊस जवळजवळ नाही आणि एकही मोठी नदी येऊन मिळत नाही, त्यामुळे क्षारता ४० च्या आसपास जाते. बाल्टिक समुद्राला नद्या भरपूर आणि बाष्पीभवन कमी, म्हणून त्याच्या मोठ्या भागात वरच्या पाण्याची क्षारता सात-आठपर्यंतच असते. नकाशा समोर ठेवून एखाद्या समुद्राची क्षारता जास्त असेल की कमी, याचा अंदाज बांधायचा आणि मग खरा आकडा शोधायचा, हा खेळ आठवडाभर खेळा. क्षारतेची व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

आता प्रयोग. पाण्यात खायचा रंग मिसळून बर्फाचे दोन खडे करा. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात तुम्ही बनवलेलं खारं पाणी घ्या. दोन्ही पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग एकाच वेळी दोन्हींत खडा सोडा. कुठला आधी विरघळेल, हे सोडण्यापूर्वी वहीत लिहा. मिठानं बर्फ वितळतो हे ऐकलेलं असतं, म्हणून बहुतेक जण खाऱ्या पाण्याचं नाव घेतात. प्रत्यक्षात साध्या पाण्यातला खडा आधी संपतो.

कारण रंगाकडे पाहिलं की दिसतं. साध्या पाण्यात वितळलेलं थंड पाणी जड होऊन रंगीत धाग्यांसारखं खाली उतरतं आणि त्याच्या जागी कोमट पाणी येत राहतं. खाऱ्या पेल्यात मात्र वितळलेलं गोडं पाणी थंड असूनही खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकंच राहतं. ते वर थर धरून बसतं आणि त्या गार पांघरुणात खडा बराच वेळ टिकतो.

हा पेला नीट समजला तर समुद्राच्या अभिसरणाचा, म्हणजे पाणी वर-खाली आणि दूरवर कसं फिरतं याचा, निम्मा धडा झाला. अंटार्क्टिकाच्या काठाला आणि ग्रीनलंडजवळ पाणी अतिशय थंड होतं. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं आणि गोठताना बरंचसं मीठ बाहेर टाकतं, त्यामुळे आजूबाजूचं पाणी आणखी खारट होतं. थंड आणि खारट, म्हणजे जड. ते तळाशी बसतं आणि शेकडो वर्षं खोल समुद्रातून सरकत राहतं. तळाच्या जिवांना लागणारा प्राणवायू याच पाण्याबरोबर खाली जातो.

पायरी २: कागदाच्या पट्टीवर खोली मोजा

मला स्वतःला सगळ्यात जास्त या पट्टीनं शिकवलं, म्हणून इथं घाई करू नका. पट्टी भिंतीवर उभी चिकटवा. एक सेंटीमीटर म्हणजे १०० मीटर. वरची कड म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग.

आधी ४ मिलिमीटरवर रेघ मारा. हौशी पाणबुड्यांनी याच्या खाली, म्हणजे ४० मीटरच्या खाली, जाऊ नये असं मानतात. पुढची रेघ २ सेंटीमीटरवर. प्रकाशसंश्लेषणापुरता उजेड फार तर इथवर येतो. खंडांच्या कडेचा उथळ भाग, ज्याला भूखंडमंच म्हणतात, तोही साधारण एवढाच खोल असतो. दहा सेंटीमीटरवर, म्हणजे १,००० मीटरवर, सूर्यप्रकाश संपतो. सदतीस सेंटीमीटरवर जगातल्या महासागरांची सरासरी खोली येते. आणि १०९ सेंटीमीटरच्या जरा पुढे, जवळपास जमिनीलगत, प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेतला चॅलेंजर डीप, म्हणजे समुद्रातली माहीत असलेली सर्वात खोल जागा. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श 'त्रिएस्त' नावाच्या यानातून तिथं उतरले. त्याच पट्टीवर एव्हरेस्ट उलटा टांगला तर शिखर ८८ सेंटीमीटरपर्यंतच येईल.

आता दाब लिहा. दर १० मीटरला एका वातावरणाची, म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा जेवढा दाब असतो तेवढ्याची, भर पडते, म्हणजे पट्टीच्या प्रत्येक मिलिमीटरला एक. मग रंग. पाणी लाल प्रकाश आधी शोषून घेतं, निळा सर्वात खोल जातो. समुद्र निळा दिसण्याचं मुख्य कारण हेच. आकाशाच्या प्रतिबिंबाचा वाटा दुय्यम. याच नियमामुळे खोलवरचे बरेच प्राणी लालभडक असतात. तिथं लाल प्रकाशच पोचत नाही, म्हणून लाल प्राणी काळोखात काळाच दिसतो, म्हणजे दिसतच नाही.

२ आणि १० सेंटीमीटरच्या मधल्या पट्ट्यात एक बाण वर आणि एक खाली काढा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोनार, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, वापरणाऱ्यांना काही शे मीटरवर एक खोटा तळ दिसायचा, आणि रात्र पडली की तो वर सरकायचा. तो तळ प्राण्यांचा होता. झिंग्यासारखे छोटे जीव, लहान मासे, माकूळ अंधार पडल्यावर खायला वर येतात आणि पहाट होताच शिकाऱ्यांच्या नजरेपासून लपायला खाली जातात. पृथ्वीवरचं सर्वात मोठं स्थलांतर हेच, आणि ते रोज घडतं.

शेवटची खूण २५ सेंटीमीटरवर. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर शास्त्रज्ञांना गरम पाण्याचे झरे सापडले आणि त्यांच्याभोवती शिंपले आणि मोठाले नळीकृमी दाटीनं जगताना दिसले. उजेडाचा कण नाही. तिथले जीवाणू हायड्रोजन सल्फाइडसारख्या रसायनांतून ऊर्जा मिळवून अन्न तयार करतात. सगळं जीवन शेवटी सूर्याच्या उजेडावर चालतं, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य त्या वर्षी बदलावं लागलं.

पायरी ३: भरती-ओहोटीचा तक्ता वाचा

यात फार अडकू नका. चंद्राच्या ओढीनं, आणि काही प्रमाणात सूर्याच्या, पाणी चढतं-उतरतं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा, मेक्सिकोच्या आखातासारख्या काही ठिकाणी एकदाच. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि ओहोटीही सर्वात खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी. आपल्याला उपयोगाची खरी उधाणाची ओहोटी, कारण तेव्हाच एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. किनाऱ्याचा आकार फनेलसारखा असेल तर फरक अफाट वाढतो. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो १६ मीटरपर्यंत जातो.

पायरी ४: आता प्राणी, पण नावांवर विसंबू नका

मराठीत तारामासा हा मासा नाही, देवमासाही मासा नाही, आणि समुद्रघोडा मात्र अस्सल मासा आहे. म्हणून नावापेक्षा तो जीव जगतो कसा, हे आधी विचारा. तीन कप्पे पुरतात: पाण्याबरोबर वाहणारे प्लवक, प्रवाहाविरुद्ध पोहू शकणारे, आणि तळाला धरून राहणारे. जेलीफिश हातभर असली तरी प्लवकातच मोडते, हे कळलं की कप्पे आकारावरून पाडलेले नाहीत हेही कळतं. पुष्कळ जीव आयुष्यात कप्पा बदलतात. खेकड्याचं पिल्लू वाहतं, मोठा झाल्यावर तो तळाशी चालतो. देवमासा ओळखायची खूण सोपी आहे: त्याची शेपटी वर-खाली हलते, माशाची डावी-उजवी.

सर्वात जास्त वेळ वनस्पती प्लवकांना द्या. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण निम्मं हे डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. त्यांतला प्रोक्लोरोकोकस इतका बारीक आहे, की समुद्रात त्याची संख्या अफाट असूनही १९८० च्या दशकापर्यंत तो कोणाला माहीतही नव्हता. प्लवकांना उजेड हवा आणि खतही हवं. उजेड वर, खत खाली. मेलेलं सगळं बुडतं, त्यामुळे नायट्रेट आणि फॉस्फेट खोल पाण्यात साठतात. उष्ण कटिबंधातलं कोमट, हलकं पाणी वर थर धरून बसतं (पहिल्या पायरीतला पेला आठवा) आणि खालचं खत वर येऊ देत नाही. म्हणून ते नितळ निळं पाणी दिसायला देखणं आणि अन्नाच्या दृष्टीनं ओसाड. पेरूच्या किनाऱ्याला वारा काठाला समांतर वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं, खालून थंड पाणी वर येतं आणि अँकोव्ही माशांचे प्रचंड थवे पोसले जातात. त्या मुलीला मी आता हे सांगितलं असतं.

पायरी ५: समुद्र जवळ नसेल तर

बिघडत नाही. आर्गो नावाच्या जागतिक प्रकल्पाची सुमारे ४,००० तरंगती यंत्रं महासागरांत सोडलेली आहेत. दर दहा दिवसांनी ती २,००० मीटरपर्यंत उतरतात, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि आकडे उपग्रहाकडे पाठवतात. ही माहिती कोणालाही फुकट पाहता येते. एक यंत्र निवडा आणि त्याचा खोलीनुसार तापमानाचा आलेख आपल्या पट्टीशेजारी काढा. कोमट थर कुठं संपतो, ते लगेच दिसेल. 'ओकिआनोस एक्सप्लोरर'सारखी संशोधन जहाजं आपल्या खोल बुड्या थेट दाखवतात. बराच वेळ नुसता चिखल दिसतो, तोही पाहा.

वाचताना एका वाक्यापासून सावध राहा: "समुद्राचा फक्त पाच टक्के भाग माणसाला माहीत आहे." उपग्रहांच्या मदतीनं सगळ्या तळाचा ढोबळ नकाशा केव्हाच झाला आहे; जहाजावरच्या सोनारनं बारकाईनं मोजलेला तळ सुमारे एक चतुर्थांश आहे.

पायरी ६: किनाऱ्यावर एकच जागा धरा

दहा किनारे एकेकदा पाहण्यापेक्षा एक खडकाळ जागा दहादा पाहा. ओहोटीच्या सर्वात खालच्या वेळेच्या दीड तास आधी पोचा, पाण्यामागोमाग खाली उतरा आणि ती वेळ झाली की परत फिरा. एकटे जाऊ नका, लाटांकडे पाठ करू नका. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला अख्खी वस्ती असते. वाळूत पडलेली जेलीफिश मेलेली असली तरी डंख करू शकते. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर हातच लावू नका. त्यातल्या काहींच्या विषानं माणसं दगावली आहेत आणि त्यावर उतारा नाही.

खडकाकडे दुरून पाहा. आडवे पट्टे दिसतील: वर गोगलगायी आणि बार्नाकल (खडकाला कायमचे चिकटलेले छोटे कवचधारी जीव), मध्ये शिंपले, खाली समुद्रशेवाळ, तारामासे, समुद्रफुलं. मग डबक्यात थर्मामीटर बुडवा, नंतर समुद्रात. उन्हात अडकलेलं डबकं काही तासांत बरंच तापतं, पाऊस पडला तर गोडं होतं. वरच्या पट्ट्यात कोण टिकतं, ते बहुधा असल्या हालांवर ठरतं. खालच्या पट्ट्यात मात्र शेजारी कोण आहे याला जास्त महत्त्व. १९६३ मध्ये रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मक्कॉ उपसागरात खडकाच्या एका तुकड्यावरचे तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली आणि ते वर्षानुवर्षं चालू ठेवलं. खाणारा गेल्यावर शिंपले पसरत गेले आणि त्यांनी बाकीच्यांची जागा बळकावली. 'कळीची प्रजाती', म्हणजे जी काढली तर सगळी वस्ती बदलते अशी प्रजाती, ही कल्पना या खडकावरून आली.

तुम्हाला कोणालाही फेकायचं नाही. चार काड्या बांधून अर्ध्या मीटरची चौकोनी चौकट करा. प्रत्येक पट्ट्यात ती एकेकदा ठेवा, सरळ वरून फोटो काढा, आत काय किती आहे ते मोजा. बार्नाकल मोजता न येण्याइतके असतील तर चौकटीचा किती भाग त्यांनी व्यापलाय तेवढंच लिहा. सोबत तारीख, ओहोटीची वेळ, पाण्याचं तापमान. पुढच्या उधाणाच्या ओहोटीला तीच जागा सापडायला हवी, म्हणून खडकावरची एखादी ठळक भेग वहीत चितारून ठेवा. खडूची खूण पहिल्याच भरतीत धुऊन जाते.