नागपूरहून इथिओपियात सेवेला जाताय? या चुका टाळा

इथिओपियात ख्रिस्ती मिशनच्या सेवेला निघालेली नागपूरकर कुटुंबं तयारी करतात ती काळजीच्या गोष्टींची: पाणी, आजारपण, मुलांची शाळा. ती हवीच. पण तिथे गेल्यावर पाऊल चुकतं ते ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टींत. येशूचं नाव घरोघरी, जेवण हाताने, पाहुण्याचा मान मोठा. मग वेगळं काय असणार, असं वाटतं.

उपासाचा वार न विचारता जेवायला बोलावणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. शुक्रवारी शेजाऱ्यांना बोलावून मायेने कोंबडीचा रस्सा करायचा, आणि पाहुण्यांनी नुसता भात खाऊन उठायचं. इथिओपियन ऑर्थोडॉक्स मंडळीत (चर्चमध्ये) बुधवार आणि शुक्रवार उपासाचे. मांस, अंडी, दूध, दही, तूप, काहीच चालत नाही. पुनरुत्थानाच्या सणाआधीचा मोठा उपास ५५ दिवसांचा, नाताळाआधीही ४० हून जास्त दिवस. सगळे उपास नेमाने पाळणाऱ्याचं जवळजवळ अर्धं वर्ष असं जातं. आपल्याकडे लेंटमध्ये, म्हणजे याच सणाआधीच्या उपासकाळात, ज्याला जमेल तो पाळतो. तिथे उपास हा अख्ख्या मोहल्ल्याचा असतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतले बरेच जण हे वार पाळत नाहीत, म्हणून अंदाज न बांधता आधी विचारा. तेलाच्या फोडणीचं वरण, बटाट्याची भाजी आणि भात कुणालाही चालतो. फक्त वरून तुपाची धार नको.

तुम्ही पाहुणे असाल तेव्हा सगळे एकाच मोठ्या ताटातल्या इंजेरावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मऊ, पातळ पोळीवर, जेवतात, आणि यजमान स्वतःच्या हाताने घास करून तुमच्या तोंडात भरवतो. याला गुर्शा म्हणतात. लाजून मान मागे घेऊ नका, त्यांना लागतं. कॉफीचंही तसंच. ती तीन फेऱ्यांत दिली जाते. पहिला कप पिऊन उठलात तर अर्ध्यातून गेल्यासारखं होतं. संध्याकाळ मोकळी ठेवूनच जा.

आपण सुवार्ता घेऊन आलो, अशा थाटात बोलणं

तिथल्या प्राचीन अक्सूम राज्याचा राजा एझाना याने ख्रिस्ती विश्वास स्वीकारला तो चौथ्या शतकात. नागपुरात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आले १८४५ साली. म्हणजे आपल्या शहरातल्या मिशनच्या कामाहून हजाराहून अधिक वर्षांनी जुन्या मंडळीत तुम्ही पाहुणे म्हणून जाता आहात. पहिल्या महिन्यातच तिथल्या पाळकांच्या चुका काढू नका. माझं ठाम मत आहे की पहिलं वर्ष ऐकण्याचं असावं. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये चपला बाहेर काढतात, स्त्री-पुरुष वेगळे उभे राहतात आणि बायका डोक्यावरून पांढरं वस्त्र घेतात. उपासना तासन्‌तास उभ्याने चालते.

हिस्लॉप यांनी गोंडांची गाणी गोळा करून लिहून ठेवली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली छापली गेली. तसाच वेळ तिथल्या अम्हारिक भाषेला द्या. तिच्या लिपीत प्रत्येक अक्षराची स्वरांप्रमाणे सात रूपं होतात, त्यामुळे बाराखडी घोकलेल्या माणसाला ती लवकर लागते. इंग्रजीवर निभावून नेणारे बाजारात बोलतात, पण कुणाच्या दुःखाच्या घरी जाऊन गप्प बसतात.

घड्याळ, कॅलेंडर आणि नावं

तिथे तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, नऊ म्हणजे तीन. ‘तीनला या’ म्हटलं की कोणत्या घड्याळाने, हे विचारूनच घ्या. वर्ष तेरा महिन्यांचं आणि आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे: १ जानेवारी २०२५ ला तिथे २०१७ चालू होतं. घरभाड्याच्या कागदावर सही करण्याआधी दोन्ही तारखा लिहून घ्या.

नाताळ ७ जानेवारीला. २५ डिसेंबरला नागपूरच्या सदरमधून घरच्यांचा व्हिडिओ कॉल येतो, मागे तारे, करंज्या, केक. आणि तुमच्या रस्त्यावर रोजचा कामाचा दिवस. मुलांना हे फार जड जातं. त्या दिवशी घरापुरता सण जरूर करा, पण ७ तारखेला तिथल्यांसोबत पूर्ण उत्साहाने जा.

आडनाव तिथे नसतं. स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं. दुसऱ्या नावाने हाक मारलीत तर वडिलांनाच बोलावल्यासारखं होतं.

सामान

नागपूरच्या उन्हाळ्याला सरावलेले लोक आफ्रिका म्हणून नुसते सुती कपडे भरतात. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंच आहे. जुलै-ऑगस्टच्या पावसात तिथे स्वेटर लागतो, सुरुवातीला जिना चढताना धाप लागते. पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. कुकर आणि त्याच्या दोन जादा रिंगा न्याच.

आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. तिचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. ते नसेल तर भारतात परतताना विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवू शकतात.