दाताचा एक्स-रे पुन्हा पुन्हा काढावा लागू नये म्हणून

दवाखाना बदलला की त्याच दाढेचा एक्स-रे नव्याने निघतो, कारण जुना आपल्याकडे नसतो. किरणांचा सगळ्यात सहज टाळता येणारा डोस हाच.

१. उपचार झाले की एक्स-रे मागून घ्या. आरव्हीजी म्हणजे डिजिटल असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप फाइल लहान करतं आणि मुळाच्या टोकाजवळची बारीक काळी सावली, जी डॉक्टरांना बघायची असते, नेमकी तीच पुसट होते.

२. जुनी फिल्म असेल तर लॅपटॉपचा पडदा पांढरा करून त्यावर धरा आणि फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. फिल्मच्या कोपऱ्यात एक टिपका असतो, त्याची फुगीर बाजू आपल्याकडे हवी. नाहीतर डावी दाढ उजवी दिसेल!

३. फाइलच्या नावात तारीख आणि दाताचा नंबर घाला. खालची डावी पहिली मोठी दाढ म्हणजे ३६. नंबर डॉक्टरांनाच विचारा.

४. नव्या ठिकाणी खुर्चीत बसण्याआधीच फाइल दाखवा. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) सुचवला तर 'साध्या एक्स-रेवर भागेल का?' असं विचारायला लाजू नका. त्याचा डोस साध्यापेक्षा बराच जास्त असतो.

मात्र दुखणं नवं असेल, सूज असेल किंवा जुन्या चित्रात तो भाग नीट येत नसेल, तर नवा एक्स-रे काढू द्या. एका दाताच्या एक्स-रेचा डोस अगदी थोडा असतो. गरोदर असाल तर तेवढं आधी सांगा.