हीटेड एअररवर जीन्स दमटच, खोलीत कुबट वास: माझा अनुभव

मँचेस्टर, जानेवारी. हीटेड एअरर म्हणजे विजेवर तापणाऱ्या दांड्यांचा, कपडे वाळवायचा स्टँड. लक्षण असं: दांडीला टेकलेला पट्टा कडक वाळायचा, बाकी कपडा ओलाच. जीन्सचे खिसे आणि कंबरपट्टा सकाळीही गार, वर खिडकीच्या काचेवर पाण्याचे ओघळ. एअरर रात्रभर चालू ठेवला, कपडे कमी टाकले, वरून चादरही घातली. नुसता वैताग!

उष्णतेने पाणी कपड्यातून निघतं, पण खोलीतच राहतं. खरी मेख तीच.

आता क्रम असा. धुणं झालं की मशीनमध्ये पुन्हा नुसतं स्पिन, मिनिटाला 1400 फेऱ्यांवर (लोकरीचं आणि नाजूक कपडे वगळून). मग कपडे झटकून एकेरी थरात घालायचे. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, दोन दांड्यांवर आडवी. दार-खिडकी बंद, एअररपासून हातभर अंतरावर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणारं यंत्र. ते नसेल तर खिडकी बोटभर उघडी, दार मात्र बंदच. दोन-तीन तासांनी प्रत्येक कपडा सरकवायचा, म्हणजे नवा भाग दांडीवर येतो. चादर घालायचीच तर आधी माहितीपुस्तिकेत परवानगी आहे का ते बघा.

सकाळी लावलेली जीन्स आता संध्याकाळी घडी घालून कपाटात जाते. जाड हुडीची टोपी मात्र अजून रेंगाळते.