गवताच्या ॲलर्जीच्या जिभेखालच्या गोळ्या: मेलबर्नकरांसाठी घ्यायच्या कशा आणि थांबायचं कधी

मेलबर्नला येऊन काही वर्षं झाली की आपल्यातल्या बऱ्याच जणांचं ऑक्टोबरमध्ये नाक गळायला लागतं, डोळे चोळून चोळून लाल होतात, आणि मग प्रत्येक जण म्हणतो की पुण्यात मला असलं कधी काही नव्हतं. नसेलही, कारण हे रायग्रास नावाचं गवत तिकडे तुमच्या वाट्याला आलंच नव्हतं. शहराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला मोठमोठी कुरणं आहेत, ऑक्टोबर ते डिसेंबर तिथल्या गवताचा फुलोरा असतो, नोव्हेंबर सगळ्यात वाईट, आणि उत्तरेकडून गरम वारा सुटला की सगळं पोलन, म्हणजे परागकण, उडून थेट शहरात. टारनीट, पॉइंट कुक, क्रेगीबर्न, म्हणजे आपली वस्ती पण नेमकी त्याच बाजूंना.

यावर जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आहेत. इथे दोन नावं ऐकू येतील, ओरालेर आणि ग्राझॅक्स. ओरालेरमध्ये पाच गवतांच्या पोलनचा अर्क असतो आणि त्यात रायग्रास आहेच, ग्राझॅक्समध्ये एकटं टिमोथी गवत असतं पण ते रायग्रासच्या भावकीतलंच असल्यामुळे तीही चालते. एक गोष्ट मात्र आधी डोक्यात पक्की बसवून घ्या: ज्याची ॲलर्जी आहे तेच आपण यात रोज ठरवून थोडंथोडं पोटात घेतोय, म्हणजे शरीराला त्याची सवय लागावी. शिंका आल्या की घेतली आणि बरं वाटलं की बंद केली, अशी ही अँटिहिस्टामिनसारखी (म्हणजे ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीसारखी) नाही. आणि म्हणूनच मैत्रिणीला लागू पडली म्हणून तिच्याकडून उरलेली स्ट्रिप आणून चालू करायची, असलं काही करू नका.

आधी टेस्ट, मग गोळी

जीपीकडून, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडून, ॲलर्जी स्पेशालिस्टकडे जा. ते स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर टोचून बघतात ती) करतात नाहीतर रक्ताची टेस्ट. स्किन प्रिकच्या आधी काही दिवस अँटिहिस्टामिन बंद ठेवावी लागते, किती दिवस ते क्लिनिकला विचारा, नाहीतर टेस्ट फुकट जाते आणि परत अपॉइंटमेंटसाठी थांबत बसा. रक्ताच्या टेस्टला ती भानगड नाही.

टेस्ट का, तर गवत गवतात फरक आहे. या दोन्ही गोळ्या थंड हवेतल्या गवतांच्या आहेत. ब्रिस्बेनकडे जास्त त्रास देतात ती गरम हवेतली गवतं, बर्म्युडा, बाहिया वगैरे, त्यांचं घराणंच वेगळं, त्यामुळे तिथल्या माणसाला ही गोळी तितकी उपयोगाची नाही. आणि बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळी, गणपतीच्या दूर्वा! तेव्हा नाशिकच्या चुलतभावाला गवताची ॲलर्जी निघाली म्हणून इथून त्याच्यासाठी डबा नेण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांना काही गोष्टी त्यांनी विचारल्या नाहीत तरी आपणहून सांगा. दमा आहे का आणि तो सध्या कंट्रोलमध्ये आहे का, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण दमा आटोक्यात नसेल तर ही गोळी सुरूच करत नाहीत. पूर्वी कशानेही मोठी रिॲक्शन आली होती का. अन्ननलिकेला सूज येण्याचा तो इओसिनोफिलिक प्रकार कधी निघाला होता का, निघाला असेल तर ही गोळी नाही. बीपी किंवा मायग्रेनसाठी बीटा ब्लॉकर चालू आहे का, कारण रिॲक्शन आलीच तर त्यावरचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन अशा माणसावर नीट काम करेलच असं नाही (काचबिंदूच्या काही थेंबांमध्ये पण बीटा ब्लॉकर असतो आणि थेंब म्हणजे औषध हे आपल्या लक्षातच येत नाही, तेही सांगा). ऑटोइम्यून आजार, कॅन्सर, प्रेग्नन्सी हेही सांगायचं. दिवस गेलेले असताना नव्याने सुरू करत नाहीत, चालू असताना गेले तर पुढे काय ते डॉक्टर ठरवतात.

आणि एक आपल्या लोकांचा खास प्रश्न, ही गोळी व्हेज आहे का. ग्राझॅक्समध्ये माशाचं जिलेटिन असतं. ओरालेरमध्ये लॅक्टोज असतं. कट्टर शाकाहारी असाल किंवा माशाची ॲलर्जी असेल तर हे आधीच बोलून घ्या, महिनाभर घेतल्यावर घरी महाभारत नको.

सुरुवात सीझनच्या साधारण चार महिने आधी करायची, म्हणजे मेलबर्नच्या हिशोबाने मे-जून. सप्टेंबरमध्ये शिंका सुरू झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही, आणि स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो ते वेगळंच, तेव्हा फोन फेब्रुवारी-मार्चमध्येच करा. खर्चही तेव्हाच विचारून घ्या, अनेक महिने चालणारी गोळी आहे.

पहिली गोळी घरी नाही

पहिला डोस क्लिनिकमध्ये, डॉक्टरांसमोर, आणि नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. बरं वाटतंय, पार्किंगची वेळ संपतेय, निघू का, असं विचारायचं पण नाही. ओरालेर असेल तर बहुतेक वेळा डोस चढवत नेतात: पहिल्या दिवशी १०० ची एक, दुसऱ्या दिवशी १०० च्या दोन, तिसऱ्या दिवसापासून ३०० ची एक. ग्राझॅक्सला हा चढ नाही, पहिल्या दिवसापासून एकच ताकद. तुम्हाला जे लिहून दिलंय तेच फ्रिजवर चिकटवून ठेवा.

तिथून निघायच्या आधी ॲक्शन प्लॅनचा कागद (मोठी रिॲक्शन आली तर काय करायचं ते लिहिलेला) मागून घ्या आणि एपिपेन, म्हणजे ॲड्रेनलिनचं तयार इंजेक्शन, लागेल का ते विचारा. इथे सगळ्यांना सरसकट देत नाहीत, अमेरिकेत या गोळ्यांबरोबर लिहून देतात, त्यामुळे न्यू जर्सीची मावशी काही वेगळं सांगेल, तुम्ही आपल्या डॉक्टरांचं ऐका.

रोजची पाच-सहा मिनिटं

हात धुवून कोरडे करायचे. गोळी ब्लिस्टरमधून त्याच क्षणी काढायची, आधी काढून डबीत भरून ठेवायची नाही. ग्राझॅक्स तर इतकी हलकी आणि ठिसूळ असते की ओल्या बोटाला लागली तर तिथेच विरघळते, आणि मागचा कागद न सोलता कॅप्सूलसारखी दाबून काढायला गेलात की भुगा. तोंड रिकामं हवं. गोळी जिभेखाली ठेवायची आणि कमीत कमी एक मिनिट गिळायचं नाही, लाळ साठते आणि गिळावंसं फार वाटतं, पण दम धरायचा. आमच्याकडे लेक ओट्यापाशी उभी राहून मायक्रोवेव्हचा टायमर लावते आणि तेवढा वेळ हातवारे करून भांडते. नंतर पाच मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, म्हणजे चहा उकळत ठेवा आणि मग गोळी घ्या, गाळेपर्यंत वेळ भरतो. शेवटी परत हात धुवायचे, कारण बोटाला लागलेला अर्क डोळ्यात गेला की डोळा सुजतो.

वेळ सकाळची बरी. रात्री गोळी ठेवून लगेच झोपू नका, काही झालं तर पहिल्या अर्ध्या तासात होण्याची शक्यता जास्त आणि तेव्हा जागं असलेलं बरं. गोळीनंतर लगेच जिम किंवा धावणंही नको. मुलांना गोळी मोठ्या माणसाने द्यायची आणि नंतर नजरेसमोर ठेवायचं, शाळेच्या गाडीत बसता बसता तोंडात कोंबायची नाही.

एक दिवस राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी एकच घ्यायची, डबल नाही. सलग बरेच दिवस गेले, आठवडाभर म्हणा, तर मात्र आपलं आपण परत सुरू न करता आधी क्लिनिकला फोन.

खाज येणार, पण किती

सुरुवातीला तोंडात, जिभेखाली, घशात आणि गंमत म्हणजे कानाच्या आत खाज येते. ओठ जरा जाड वाटतात. गोळी ठेवल्यावर काही मिनिटांत सुरू होतं आणि थोड्या वेळाने आपोआप जातं, बऱ्याच जणांचं काही दिवसांत ते काही आठवड्यांत कमी होत जातं. यात घाबरण्यासारखं नाही, फार होत असेल तर सुरुवातीचे दिवस गोळीच्या आधी अँटिहिस्टामिन घ्यायला डॉक्टर सांगतात. पहिल्या आठवड्यातल्या या खाजेलाच कंटाळून लोक सोडून देतात, माझ्या मते ते सगळ्यात वाईट, कारण त्रास भोगून झालेला असतो आणि फायदा अजून सुरूच झालेला नसतो.

घाबरायचं ते पुढच्या गोष्टींना. श्वास घ्यायला त्रास, छातीत शिट्टी वाजणं, सारखा खोकला, घसा आवळल्यासारखा होणं, जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, बोलता न येणं, चक्कर येऊन कोसळणं, लहान मूल एकदम पांढरंफटक आणि ढिलं पडणं. यातलं एक जरी दिसलं तरी ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी रिॲक्शन, समजून चालायचं. माणसाला आडवं करा, श्वास लागत असेल तर पाय लांब करून बसवा, पण उभं करू नका आणि चालवत गाडीपर्यंत तर अजिबात नेऊ नका. एपिपेन असेल तर निळी टोपी काढून केशरी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबून ३ सेकंद धरायचं, पॅंटवरून चालतं. मग ००० ला फोन, अँब्युलन्ससाठी. दमा असेल तरी आधी ॲड्रेनलिन, मग निळा पफर (दम लागल्यावर लगेच घ्यायचा तो). अँटिहिस्टामिन देऊन बघू आणि थांबू असं करायचं नाही. त्यानंतर पुढची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही.

एक हळूहळू येणारं लक्षण पण आहे जे लोक ॲसिडिटी म्हणून सोडून देतात: पोळीचा घास छातीत अडकल्यासारखा वाटणं, प्रत्येक घासाला पाणी लागणं, गिळताना दुखणं. हे चालूच राहिलं तर गोळी बंद करून दाखवून या, अन्ननलिकेची ती सूज असू शकते.

या दिवशी गोळी नको

तोंड आलंय, हिरड्यांतून रक्त येतंय, दात काढलाय, मुलाचा दुधाचा दात पडलाय, तर जखम भरेपर्यंत थांबा, साधारण आठवडा जातो. डेंटिस्टलाही गोळीबद्दल सांगून ठेवा. दमेकऱ्याला सर्दी-खोकला होऊन छाती भरली असेल किंवा निळा पफर नेहमीपेक्षा जास्त लागत असेल तर त्या दिवशी गोळी नाही, आधी डॉक्टर. आणि प्रिव्हेंटर पफर, म्हणजे दमा आटोक्यात ठेवायला रोज घ्यायचा तो, गोळी चालू झाली म्हणून सोडायचा नाही.

भारतात जाताना गोळ्या हॅंड बॅगेतच, मूळ ब्लिस्टरमध्ये, प्रिस्क्रिप्शनसकट. पावसाळी दमट हवेत उघडी गोळी टिकत नाही. विमानात घड्याळाचा गोंधळ झाला तर दोन डोस जवळजवळ घेण्यापेक्षा एक चुकलेला परवडला.

वादळ आणि पफर

२१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नला जे वादळ आलं त्यात १० माणसं गेली आणि हजारो लोक श्वास लागून हॉस्पिटलात पोचले. ओलसर हवेत रायग्रासच्या पोलनचे दाणे फुटून इतके बारीक होतात की नाकात न अडकता थेट फुप्फुसात जातात. त्या दिवशी त्रास झालेल्यांमध्ये भारतीय आणि आशियाई लोकांचं प्रमाण जास्त होतं, आणि कित्येकांना दमा असल्याचं कोणी कधी सांगितलंच नव्हतं, फक्त हे असं नाक गळायचं.

म्हणून सांगते, गोळी घेतोय म्हणजे आपण सुटलो असं नाही. सीझनमध्ये व्हिकइमर्जन्सी ॲपवर (व्हिक्टोरियाचं आणीबाणीच्या सूचनांचं ॲप) थंडरस्टॉर्म ॲस्थमाचा, म्हणजे अशा वादळात उसळणाऱ्या दम्याचा, अंदाज बघत जा, रिस्क जास्त असेल तेव्हा वादळाच्या आधी घरात या, दारं-खिडक्या बंद, बाहेरची हवा आत ओढणारा कूलर बंद. निळा पफर घरात आणि बॅगेत हवाच, इथे तो फार्मसीत प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो. वापरायची पद्धत चार-चार-चार: स्पेसरमधून (पफरला लावायची पोकळ नळी) एकेक करून ४ पफ, प्रत्येक पफला ४ श्वास, मग ४ मिनिटं थांबा, फरक नाही पडला तर ००० आणि परत तेच.

किती वर्षं

ग्राझॅक्स बारा महिने रोज, तीन वर्षं. ओरालेर सीझनच्या चार महिने आधीपासून सीझन संपेपर्यंत, असे सलग तीन सीझन. लंडनला दोनच वर्षं गोळी देऊन बघितली होती, २०१७ मध्ये निकाल छापून आला, गोळी बंद केल्यावर वर्षभराने फायदा उरला नव्हता. तेव्हा दुसऱ्या वर्षी बरं वाटलं म्हणून सोडू नका. उलट पहिला सीझन पूर्ण घेऊनही काहीच फरक नसेल तर ओढत बसण्यातही अर्थ नाही. कुठल्या दिवशी किती शिंका, किती अँटिहिस्टामिन लागल्या हे ऑक्टोबरपासून फोनमध्ये टिपून ठेवा आणि जानेवारीत तेच डॉक्टरांसमोर धरा, पुढे चालू ठेवायची की नाही ते त्यावरून ठरतं.