गाडीचं अॅव्हरेज पडलंय? आधी चाकं तपासा

अॅव्हरेज पडलं की पहिला सल्ला मिळतो तो टाकीत औषध टाकण्याचा आणि दुसरा एअर फिल्टर बदलण्याचा. दोन्हींवर पैसे घालण्याआधी चाकांकडे बघा. पेट्रोल बऱ्याचदा तिथंच मुरतं.

त्याआधी नीट मोजा. टाकी भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा. आकडा पूर्ण करायला वरून ओतून घेऊ नका. ट्रिप मीटर शून्य करा. तीनेकशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर तसंच भरा. ३४० किलोमीटरला २१.६ लिटर लागले, तर अॅव्हरेज १५.७. इंदूरच्या राजवाडा-सराफ्याच्या गर्दीतला आकडा बायपासवरच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. शिवाय पंपावर आता इ-२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा जुन्या आकड्यापेक्षा थोडी घट येणारच. तो गाडीचा दोष नव्हे.

हवा सकाळी, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, स्वतःच्या दाब मोजायच्या गेजने तपासा. योग्य आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की हवा सुमारे १ पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होते. मे महिन्यात २७ अंशांच्या सकाळी ३३ भरलेली हवा इंदूरच्या जानेवारीत, १० अंशांच्या सकाळी, ३० वर आलेली असते, आणि तीही काहीच गळती नसताना. पंपापर्यंत जाताना टायर तापतो, म्हणून घरीच तूट लिहून घ्या. ३ कमी असेल, तर पंपावर जो आकडा दिसेल त्यात ३ मिळवा. तापलेल्या टायरची हवा कधी काढू नका.

आता ब्रेक. अडकलेला ब्रेक गाडीला सतत मागे ओढतो, आणि चालवताना ते कळतही नाही. बायपासवर आठ-दहा किलोमीटर चालवून, शेवटी गाडी शक्यतो ब्रेक न दाबता हळूहळू थांबवा. प्रत्येक रिमजवळ तळहात धरा. आतल्या ब्रेकच्या डिस्कला हात लावू नका. डावं-उजवं सारखंच कोमट असेल तर ठीक. एक बाजू स्पष्टपणे जास्त गरम असेल, तर तो ब्रेक धरतोय.

गार झाल्यावर सपाट जमिनीवर मागच्या चाकांना ठोकळ्यांची ओट लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. नट आधी सैल करून मग पुढचं चाक जॅकने उचला आणि खाली स्टँड द्या; नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. चाक हाताने फिरवा. डिस्कची बारीक घासघास चालते, पण चाक जोर लावून ढकलावं लागलं तर कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग, बघा. चाक काढा, कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला, त्याच्या ब्रेक ऑइलच्या नळीला (होजला) ताण देऊ नका. कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लाइड पिन बोटाने सहज सरकायला हवी. धूळ आणि पावसाचं पाणी पिनेवरच्या फाटक्या रबरी टोपणातून (बुटातून) आत गेलं की ती सुकते, गंजते. पिन पुसून घ्या आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. साधं चॅसिस ग्रीस रबर फुगवतं आणि पिन पुन्हा अडकते. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिन मोकळी असून पॅड दाबणारा पिस्टनच मागे जात नसेल, तर ते काम मेकॅनिकचं.

इंजिनाची एक गोष्ट मात्र तपासाच. दहा किलोमीटरनंतरही तापमानाचा काटा मध्यावर येत नसेल किंवा निळा दिवा विझत नसेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकलेला असू शकतो. गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन थंड वाटतं आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घाला. ०डब्ल्यू-२० च्या जागी 'इकडच्या उन्हाळ्यात जाडच बरं' म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं, की घर्षण वाढतं.

एअर फिल्टर वेळेवर बदला, पण इंजेक्शनच्या गाडीत मळक्या फिल्टरने पिकअप जातो, अॅव्हरेज फारसं नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मात्र खरंच पडतं. छतावरचा रिकामा कॅरियर तेवढा उतरवून ठेवा. बायपासच्या वेगाला तो वारा अडवतो.