साथीत लेझीमचा सराव पुन्हा धरायचा, तर

आमच्या लेझीम पथकाची एक दोनशे पानी वही आहे. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतली दोन पोरं ती मागायला आली. "मामा, कोरोनात सराव कसा घेतला ते तुम्ही लिहून ठेवलंय म्हणं." वही दिली नाही, माझं अक्षर माझं मलाच लागत नाही. त्यापेक्षा इथं नीट लिहितो. पुन्हा कसली साथ आलीच, तर कामाला येईल.

मी शिंपी, शाळेचे गणवेश शिवतो. संध्याकाळी सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीतल्या पोरापोरींना लेझीम शिकवतो. दहा ते अठरा वयाची चाळीसेक आहेत. निम्म्यांच्या घरी आई बिड्या वळते, वडील यंत्रमागावर. एका खोलीत सहा माणसं, त्यात आजी-आजोबा. पोरगं खोकलं तर घोर पोराचा नसतो, आजीचा असतो. पुढचं सगळं त्या आजीसाठी आहे असं धरून वाचा.

४ ऑक्टोबर २०२१ ला शहरात आठवी ते बारावीच्या शाळा उघडल्या आणि त्याच आठवड्यात आम्ही सराव धरला. मैदानावर चुन्यानं चौकटी आखल्या, एकेका पोराला एकेक चौकट. सराव झाला झकास. मग लेझीम ठेवायला सगळी मंडळाच्या खोलीत घुसली. दहा बाय बाराची खोली, खिडकी नाही, शटर अर्धं खाली. घामेजलेली, मास्क हनुवटीला, वीस मिनिटं नुसती खिदळत बसली. मीही आतच, हलगी खुंटीला अडकवत. पाचव्या दिवशी एकाला ताप आला, पाठोपाठ चौघांना. एकाची आजी नऊ दिवस दवाखान्यात राहून आली. चूक माझी. मैदानावर सहा फूट मोजणाऱ्या माणसानं खोलीत वीतही मोजली नाही.

तेव्हा पहिलं काम, खोलीला कुलूप. हा आजार मुख्यतः श्वासावाटे, हवेतून पसरतो. उघड्यावर वारा तो पांगवतो, बंद खोलीत तो तसाच साचून राहतो. आम्ही प्रत्येक लेझमीच्या दांड्यावर नेलपॉलिशनं नंबर टाकला आणि ज्याची त्याच्या घरी देऊन टाकली. ती रोज पुसत बसायची गरज नाही. दुसऱ्याच्या हातात गेलीच तर साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसा आणि लगेच कोरडी करा, नाहीतर साखळी गंजते.

अंतरासाठी टेप लागत नाही. दोघांनी लेझीम धरून हात पसरायचे, टोकाला टोक लागलं की दोघांनी एकेक पाऊल मागं. 'चार आवाज'च्या डावाला एवढं पुरतं. 'आगे फलांग'ला मागची रांग उडी मारून पुढच्यांच्या पाठीवर येते, तिथं दोन रांगांत दुप्पट जागा सोडा. समोरासमोर तोंड करून खेळायचे डाव साथ ओसरेपर्यंत काढून टाका. पोरं कुरकुरतात, कुरकुरू द्या.

चाळीस जण एकदम बोलवू नका. दहा-दहाच्या चार टोळ्या करा, प्रत्येकीचे वार ठरलेले, सख्खी भावंडं एकाच टोळीत. कोण कधी आलं ते लिहून ठेवा. एकाला ताप आला तर दहाच घरं कळवायला लागतात.

शिट्टी बंद. ती फुंकायला मास्क काढावा लागतो आणि सगळा जोर पुढच्या रांगेच्या तोंडावर जातो. आम्ही हलगीवर खुणा बसवल्या: दोन तुटक ठोके म्हणजे थांबा, एक लांब घुमारा म्हणजे डाव बदला. आठवडाभर गोंधळ झाला, मग पोरं कानानं खेळायला लागली. खरं सांगू, पथक त्याआधी एवढं एका ठेक्यात कधीच नव्हतं. 'मोरया'ची आरोळीही बंद, कारण ओरडताना तोंडातून बोलण्यापेक्षा किती तरी जास्त तुषार उडतात. त्याऐवजी सगळ्यांनी एकदम लेझीम खुळखुळवायची.

खेळताना मास्क लावू नका. घामानं ओला झाला की श्वास कोंडतो, आणि जोराच्या व्यायामात मास्क नको असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० मध्येच सांगितलं होतं. तिथं अंतरच राखायचं. मास्क लागतो तो येता-जाता, कट्ट्यावर थांबताना आणि हलगीवाल्याला.

कपाळावर धरून ताप मोजायच्या बंदुकीवर फार भरवसा ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हातून सायकल मारत आलेल्या अख्ख्या टोळीला तिनं एकदा ताप दाखवला. दहा मिनिटं सावलीत बसवून पुन्हा धरली, सगळी ठणठणीत. उलट लागण होऊनही ताप न आलेलं पोरगं तिला कळतच नाही.

पाण्याची बाटली ज्याची त्याची. हात धुवायला नळ कुठला, आपल्याकडं पाणी येतं चार-चार दिवसांआड. तोटीचा ड्रम ठेवला, साबण जुन्या मोज्यात घालून तोटीला बांधला. वीस सेकंद म्हणजे हलगीचे चाळीस ठोके, मीच वाजवायचो. सॅनिटायझर आरतीच्या ताटाजवळ नको, अल्कोहोल आहे, कापरानं भडकतं.

सगळ्यात अवघड काम म्हणजे ताप आलाय हे कळणं. आई म्हणते, "तपासलं की घर बंद, मग बिड्या कारखान्यात कोण नेऊन देणार?" पोराला वेगळीच भीती, आठ दिवस आलो नाही तर आघाडीच्या रांगेतली जागा जाईल. आईची मजुरी माझ्या हातात नव्हती. जागा होती. "ताप सांगणाऱ्याची जागा राखून ठेवणार, लपवणाऱ्याची जाणार," असं सगळ्यांपुढं सांगितलं आणि आजारी पोराची चौकट रिकामी ठेवूनच सराव घेतला. त्यानंतर निरोप सकाळीच यायला लागले. निरोप एकाच ताईकडं द्यायचा, ग्रुपवर नाही. ग्रुपवर पडलं की गल्ली त्या घराशी बोलायची थांबते.

बरं झालेलं पोरगं पहिल्याच दिवशी उडवू नका. आठवडाभर हळूहळू वाढवा, आधी नुसती पावलं, मग अर्धा वेळ. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर तिथंच थांबवून डॉक्टरांकडं. बरं झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, पोटात दुखणं असं काही दिसलं, तरी तसंच.

जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली तेव्हा आम्ही सराव सरळ बंद केला. त्या महिन्याच्या ३ तारखेपासून पंधरा ते अठराच्या पोरांना लस सुरू झाली होती, मोठ्यांना दंडावर घेऊन यायला सांगितलं. फेब्रुवारीत पुन्हा चौकटी आखल्या. २ एप्रिलला, पाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले तरी खोलीचं कुलूप मी गणपतीपर्यंत काढलं नाही.

त्या दोन पोरांना वही दिली नाही म्हटलं, पण हलगीच्या खुणांचं पान तेवढं फाडून दिलं. त्यांच्या मंडळाची खोली आमच्याहून लहान आहे.