भिंत फोडण्याआधी: जुन्या घरातल्या नळांचं दुखणं कसं शोधावं

जळगावचं पिंप्राळा, धुळ्याचं देवपूर, भुसावळच्या बाहेरच्या कॉलन्या. इथली १९८०-९० च्या सुमाराला बांधलेली कितीतरी घरं आता चाळिशीला आली आहेत. रंग दर दिवाळीला नवा होतो, पण भिंतीतले पाइप मात्र तेव्हाचेच, लोखंडी जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले. बाथरूममध्ये पाणी बारीक येतंय म्हटलं की कोणी सांगतं टाकी उंच करा, कोणी म्हणतं प्रेशर पंप बसवा. माझं कळकळीचं म्हणणं एवढंच आहे की आधी दुखणं कुठे आहे ते शोधा, पैसे मग घाला. एक बादली, मोबाइलमधलं घड्याळ, थोडी नीळ आणि दोन रात्री पुरतात.

पाणी मुरतंय कुठे?

दोन-चार दिवसांआड नळ येणाऱ्या घरात ही तपासणी सगळ्यात आधी. रात्री झोपताना सगळे नळ बंद करा. टाकीत काठी उभी सोडा आणि पाणी जिथपर्यंत आलं तिथे दोरा बांधा. सकाळी कोणी नळ उघडायच्या आत पुन्हा काठी सोडून बघा. पातळी उतरली असेल तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा वॉल्व बंद करून हेच करा. आताही उतरली, तर टाकीच गळते आहे. जागेवर राहिली, तर गळती खाली आहे.

खाली पहिला संशय संडासच्या फ्लशवर घ्या. फ्लशच्या टाकीत निळीचे चार-पाच थेंब टाका आणि अर्धा तास कोणाला वापरू देऊ नका. भांड्यात निळं पाणी उतरलं, तर आतलं वॉशर गेलंय. थोडक्यात निभावणारं काम आहे. ते ठीक असेल, तर भिंतींची ओल हाताने चाचपत जा, विशेषतः मोरी आणि ओट्यामागची भिंत.

पाणी बारीक का येतं?

गच्चीवरची टाकी नळापासून साधारण १० मीटर उंच असेल तेव्हा कुठे १ बार दाब मिळतो. बैठ्या घरात हे अंतर ३ मीटरच्या आसपास, म्हणजे दाब जेमतेम ०.३ बार. एवढ्याशा दाबाला वाटेतला थोडा अडथळाही जड जातो. म्हणून अडथळा वरून खाली शोधत यायचा.

टाकीला सगळ्यात जवळच्या नळावर १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो तो मोजा, मग बाथरूमच्या नळावर. दोन्हीकडे पाणी रडत असेल, तर दोष टाकीजवळ आहे. तळाचा गाळ बघा, मग वॉल्व. जुन्या पितळी गेट वॉल्वची आतली चकती दांड्यावरून सुटून खाली बसते. वरचं चाक फिरत राहतं, आपल्याला वाटतं वॉल्व उघडला. त्याजागी बॉल वॉल्व बसवा. टाकी कोरडी होऊन नंतर भरली असेल, तर पाइपात हवाही अडकते. सगळे नळ उघडे सोडा. तेवढ्याने सुटली नाही, तर दाब असलेल्या नळापासून रबरी नळी लावून पाणी न येणाऱ्या नळातून पाणी उलटं चढवा.

फक्त एकाच नळाला पाणी कमी असेल, तर त्याची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर सुटतो.

जाळी साफ, वॉल्व ठीक, तरी पाणी बारीक? मग पाइपच. आमच्या घरचा अर्ध्या इंची कोपर, म्हणजे पाइपाच्या वळणावरचा जोड, मिस्तरीने कापून हातात दिला, तेव्हा मी तो उजेडाकडे धरून पाहिला. आत तपकिरी गंजाचे थरावर थर, आणि मधोमध भोक एवढंच की पेन्सिल अडली. त्याआधी आम्ही प्रेशर पंप बसवून बसलो होतो. पाणी वाढलं नाही, भिंतीतला जोड मात्र फुटला.

अशा पाइपाचा एकच जोड बदलायला जाऊ नका. पाना लावून एक कोपर फिरवला की त्याचा पीळ पुढच्या कुजलेल्या जोडाला लागतो आणि तोही सुटतो. माझं मत स्पष्ट आहे: जुनी लाइन दोन्ही टोकांनी बंद करून भिंतीतच राहू द्या आणि नवी भिंतीवरून, उघडी न्या. गरम पाण्याला उष्णता सोसणारा सीपीव्हीसी प्लास्टिक पाइपच हवा, साधा पीव्हीसी नको. दोन्हींचे जोड चिकटवायचं सोल्युशनही वेगळं असतं. मे महिन्यात ४५ अंशांवर जाणारं आपलं ऊन उघड्या पाइपाला ठिसूळ करतं, म्हणून त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात द्या.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जुन्या घरात कधी कधी विजेचं अर्थिंग याच लोखंडी पाइपाला जोडलेलं असतं. पाइप बंद करण्याआधी वायरमनला बोलवून स्वतंत्र अर्थिंग करून घ्या. यात जिवाचा धोका आहे.

आणि पालिकेच्या नळाला थेट मोटर लावू नका. लाइनला कुठे चीर असेल, तर मोटरच्या ओढीने शेजारच्या गटारीचं पाणी आत खेचलं जातं आणि तेच सगळी गल्ली पिते.

अंगणाखालचं दुखणं

तापीकाठची काळी माती केळीला मानवते, पाइपाला नाही. उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते आणि दरवर्षी सांडपाण्याचे जोड हलवते. चेंबर वारंवार तुंबत असेल, तर सळई घालत बसण्यापेक्षा दोन चेंबरमधला पाइप एकदा उकरून बघा. जोड उघडा पडलेला किंवा कडुनिंबाची मुळं आत शिरलेली दिसतील. नवा पाइप टाकताना खालची काळी माती काढून वाळूचा थर द्या, आणि पाइप जिथे भिंतीतून मातीत उतरतो तिथे रबरी रिंगचा जोड घ्या, म्हणजे माती हलली तरी पाइप तुटत नाही.

न वापरलेल्या बाथरूममध्ये वास येतो, कारण नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्यातलं, वास अडवणारं पाणी उन्हाळ्यात आटतं. आठवड्याला तांब्याभर पाणी ओता.

नवी लाइन झाली की रात्रभर भरलेली ठेवा आणि सकाळी प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवा. कुठे झाकायचीच असेल, तर गिलावा करण्याआधी मोजपट्टी भिंतीला टेकवून फोटो काढा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा. पुढे खिळा ठोकताना पाइप नेमका कुठे आहे ते कळेल.